पाणी न पिणारा उंदीर आणि त्याच्या दारातला कालवा

१८ ऑगस्ट १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी कॅलिफोर्नियातल्या लॉस बानोस गावाजवळ एका उघड्याबोडक्या डोंगरपायथ्याशी आले. गर्दी जमली, भाषणं झाली, मग दट्ट्या दाबून सुरुंग उडवले गेले आणि सॅन लुईस धरणाच्या कामाचा नारळ फुटला. केंद्र आणि राज्य सरकारनं भागीत उभारलेलं हे धरण. उत्तर कॅलिफोर्नियात ज्या पाण्याला फारसे वाटेकरी नाहीत ते अडवायचं आणि कालव्यानं सॅन वाकीन खोऱ्याच्या कोरड्या पश्चिम काठाला, तिथून आणखी दक्षिणेला न्यायचं, अशी योजना होती. राज्याचा मुख्य कालवाच सातशे किलोमीटरहून लांब आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जिथं गुरंसुद्धा पावसाळ्यापुरतीच चरायची तिथं कापूस आणि टोमॅटो डोलू लागले, नंतर बदाम आणि पिस्ता आले.

त्याच काठावर एक प्राणी राहत होता, ज्याला जन्मभर पाण्याचा घोटही लागत नाही. जायंट कांगारू रॅट. मराठीत त्याला थोरला कांगारू उंदीर म्हणू. कांगारू उंदरांच्या वीसेक जातींमध्ये हा सर्वांत मोठा, तरी वजन दीडशे ग्रॅमच्या आसपासच. मागचे पाय लांब, पुढचे आखूड, शेपटी धडाहून लांब आणि टोकाला झुबकेदार. कांगारूशी त्याचं नातं नाही आणि खऱ्या अर्थानं तो उंदीरही नाही. आपल्या घरातल्या उंदरांपेक्षा तो अमेरिकेतल्या गोफर नावाच्या बिळकऱ्यांना जवळचा. कालव्यांपूर्वी त्याचा मुलूख सुमारे १६ लाख एकरांचा होता. ऐंशीच्या दशकात मोजणी झाली तेव्हा त्यातला जेमतेम दोन टक्के उरला होता.

वाळवंटातले प्राणी दुष्काळानं मरतात असा सर्वसाधारण समज असतो. हा प्राणी पाण्यानं मेला. आणि तो मेल्यावर, म्हणजे जवळजवळ मेल्यावर, त्याला वाचवायचा कायदा आला तेव्हा बिल कोणाच्या नावानं फाडलं गेलं, हा या गोष्टीतला खरा वादाचा मुद्दा आहे. पण आधी प्राणी नीट पाहायला हवा, कारण तो पाहिल्याशिवाय काय गेलं हे कळत नाही.

पाणी न पिता जगण्याचं कोडं सोडवलं ते नॉर्वेचे कनूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या पत्नी बोडिल यांनी. बोडिल या नोबेलविजेते डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या कन्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस हे दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात याच कुळातल्या जातींवर काम करत होते. प्राण्यानं अन्न जाळलं की शरीरात थोडं पाणी तयार होतं. ते सगळ्यांच्याच शरीरात होतं. शंभर ग्रॅम कोरडं सातू पचवलं की साधारण ५४ ग्रॅम पाणी मिळतं. माणसाला ते कुठल्या कुठं उडून जातं. कांगारू उंदीर मात्र त्यातला थेंबन् थेंब राखतो. त्याची मूत्रपिंडं माणसाच्या सुमारे चौपट दाट मूत्र बनवू शकतात. श्वास सोडताना हवा नाकाच्या थंड नळीतून जाते, तिथं वाफेचं पाणी होऊन ते परत अंगात मुरतं. दिवसभर तो बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत बसतो, कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. हा दमटपणा मोजायला श्मिट-नील्सन यांनी उंदरांच्या शेपटीला इवलाली आर्द्रतामापकं बांधली होती.

त्यांचा एक प्रयोग तर फारच खट्याळ होता. उंदरांना फक्त सोयाबीन खायला घातलं. सोयाबीनमध्ये प्रथिनं जास्त, म्हणून युरिया जास्त, म्हणून तो बाहेर टाकायला पाणी जास्त. आता मात्र या उंदरांना पाणी प्यावंच लागलं. काहींना प्यायला दिलं समुद्राचं पाणी. माणूस समुद्राचं पाणी प्याला तर तहानेनं लवकर मरतो. हे उंदीर ते पिऊन टुणटुणीत राहिले.

कानांची गोष्ट वेगळीच. कवटीचा मागचा भाग दोन्ही बाजूंना फुग्यासारखा फुगलेला असतो, आत मध्यकर्णाची पोकळी. डग्लस वेब्स्टर यांनी १९६०च्या सुमारास दाखवून दिलं की या पोकळीमुळं त्यांना अगदी खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात: झेपावणाऱ्या घुबडाच्या पंखांची फडफड, झडप घालण्याआधी सापाच्या अंगाची सळसळ. पोकळी भरून टाकलेले उंदीर अंधारात घुबडाच्या आणि घोणस-कुळातल्या खुळखुळ्या सापाच्या तावडीत सापडले. शाबूत कानांचे निसटले. अलीकडं ॲरिझोनातल्या युमाजवळ संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हीच लढाई टिपली. साप झेपावतो आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळात उंदीर हवेत असतो. पकडला गेलाच तर हवेतच अंग पिळून मागच्या दोन्ही पायांची लाथ सापाच्या तोंडावर हाणतो. कितीदा तरी विषाचे दात लागायच्या आत साप दूर फेकला जातो.

हे सगळं चित्तवेधक आहे, माहितीपटवाल्यांचं आवडतं आहे. पण थोरल्या कांगारू उंदराचं महत्त्व त्याच्या लाथेत नाही, त्याच्या शेतीत आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सॅन वाकीनच्या दक्षिणेकडं गवत पिवळं पडतं आणि दाणा पिकतो. रात्री उंदीर बिळातून निघतो, गवताचं ताट वाकवतो, ओंबी कुरतडून पुढच्या पायांनी गालफडात कोंबतो. ही गालफडं तोंडाच्या आत नसतात. बाहेरच्या बाजूला, आतून लव असलेल्या दोन पिशव्या असतात, त्यामुळं दाणे थुंकीनं भिजत नाहीत. बिळाभोवती तो बोटभर रुंदीचे शेकडो उभे खड्डे करतो, प्रत्येकात मूठभर ओंब्या दाबतो आणि वर माती लोटतो. काही ठिकाणी ओंब्यांची चक्क गंजी रचतो. ओला दाणा थेट बिळात नेला तर बुरशी लागते, म्हणून आधी वरच्या तापलेल्या मातीत वाळवायचा आणि मगच तळघरात हलवायचा. शेतकरी खळ्यावर जे करतो तेच. कॅलिफोर्नियाच्या प्राणिशास्त्राचे पितामह जोसेफ ग्रिनेल यांनी १९३२ साली या उंदराच्या राहणीवर सविस्तर लिहिलं, आणि दोनच वर्षांनी विल्यम शॉ यांनी त्याच्या या साठवणुकीवर स्वतंत्र लेख लिहिला.

प्रत्येक उंदीर एकटा राहतो, आणि आपलं कित्येक पावलं रुंदीचं अंगण राखतो. शेजारी घुसला तर मागचे पाय जमिनीवर इतक्या वेगानं आपटतो की एक सलग ताशा वाजल्यासारखं वाटतं. अंगणातलं गवत कापलं जातं, माती उकरली जाते, खत पडतं. मग पुढच्या पावसानंतर हेच अंगण भोवतालापेक्षा जास्त हिरवं होतं. वरून पाहिलं तर माळावर गोल गोल ठिपके दिसतात. म्हणून आता या उंदरांची गणती विमानातून आणि उपग्रहांच्या छायाचित्रांवरून करता येते, आणि पिंजरे लावून पडताळता येते. त्या बिळांत दुपारी बोथट नाकाचा लेपर्ड लिझर्ड हा दुर्मीळ सरडा उन्हापासून लपतो, सॅन वाकीनची खार त्यांचा आसरा घेते. रात्री किट फॉक्स नावाची मांजराएवढी कोल्ही येते आणि तिच्या पोटात सर्वांत जास्त जातो तो हाच उंदीर. यांतलं जवळजवळ प्रत्येक नाव संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे. १९९८ साली या खोऱ्यासाठी संवर्धन आराखडा निघाला, तो एकदम ३४ वनस्पती-प्राण्यांसाठी होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं घर, ताट किंवा दोन्ही या एका उंदराच्या हातात होतं.

असा प्राणी काढून घेतला तर काय होतं, याची परीक्षा ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ झाली. जेम्स ब्राउन यांनी १९७७ साली वाळवंटात पन्नास मीटर लांब-रुंद असे २४ चौक तारेच्या जाळीनं वेढले. काही चौकांच्या जाळीला अशी भोकं ठेवली की लहान उंदीर आरपार जातील, कांगारू उंदीर अडतील. बारा वर्षांनी ब्राउन आणि एडवर्ड हेस्की यांनी ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले: तिथल्या तीन जातींचे कांगारू उंदीर वगळलेल्या चौकांत उंच गवत सुमारे तिपटीनं वाढलं होतं, झुडपी वाळवंटाचा माळ होऊ लागला होता. त्यांच्या वाटणीचं बी खायला दुसरं कोणी येईल असं वाटलं होतं. आलाही एक, बेलीचा पॉकेट माउस. पण तो यायला जवळजवळ दोन दशकं गेली. तोवर भोवतालची जमीन बदलून गेली होती.

यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. दुर्मीळ प्राणी वाचवायचा म्हणजे त्याचे शे-दोनशे नग कुंपणात जिवंत ठेवायचे, अशी आपली सवयीची कल्पना. पण कांगारू उंदराचं काम त्याच्या संख्येवर चालतं. माळभर अंगणं असतील तर माळ माळ राहतो. एका कोपऱ्यात दहा अंगणं उरली तर नोंदवहीत जात जिवंत असते आणि जमिनीवर मेलेली असते. महाराष्ट्रातही असा एक दुर्मीळ उंदीर आहे. सिंहगडाच्या पठारावरचा कोंढाणा उंदीर १९७५ साली विज्ञानाला ठाऊक झाला आणि पुढं जागतिक यादीत संकटग्रस्त ठरला. रविवारी गडावर पिठलं-भाकरी खाणाऱ्या गर्दीतल्या कोणाला तो माहीत असेल तर नवल. नाव यादीत जाणं आणि माणसांच्या हिशेबात येणं यांत इतकं अंतर असतं.

आता सॅन वाकीनकडं परत. उंदराचा ऱ्हास दोन टप्प्यांत झाला. आधी विष. गुरांच्या तोंडचं गवत खातो म्हणून खारींबरोबर त्यालाही शत्रू ठरवलं गेलं, आणि विषारी धान्य कित्येकदा विमानातून मैलोन् मैल पसरलं गेलं. तरी तो टिकला, कारण जमीन शिल्लक होती. मग कालवे आले आणि जमीनच गेली. नांगराचा फाळ बिळांच्या तळघरातून गेला की साठाही गेला आणि आसराही गेला. सपाट, भिजलेल्या शेतात तो राहूच शकत नाही. खोऱ्यातल्या बेकर्सफील्ड शहरात वर्षाला सरासरी १५-१६ सेंटिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर कोणी तिथं कापूस लावला नसता. प्रत्येक एकरामागं बाहेरून आणलेलं, सवलतीच्या दराचं सरकारी पाणी होतं. केंद्राच्या सिंचन प्रकल्पांचं पाणी १६० एकरांच्या छोट्या शेतकऱ्यासाठी असल्याचं १९०२चा कायदा सांगत होता. प्रत्यक्षात पश्चिम काठावर ते हजारो एकरांच्या कंपन्यांपर्यंत पोचलं, आणि १९८२ साली कायद्यानंच मर्यादा ९६० एकरांवर नेली.

राज्य सरकारनं १९८० साली आणि केंद्रानं १९८७ साली थोरल्या कांगारू उंदराला संकटग्रस्त घोषित केलं. पुढच्याच वर्षी त्याच कुळातल्या टिप्टन आणि स्टीफन्स या कांगारू उंदरांची भर पडली. मुख्य नांगरट तोवर होऊन गेली होती. आता कायदा सांगू लागला की उरलेल्या बिळांवर नांगर घालणं गुन्हा आहे. म्हणजे ज्यानं पहिली ९८ टक्के जमीन ओलिताखाली आणली तो सुटला. शेवटचे दोन टक्के ज्याच्या सातबाऱ्यावर आले तो सापडला.

१९९४ च्या फेब्रुवारीत याच खोऱ्यातल्या कर्न परगण्यात हे अगदी नाट्यमय रीतीनं घडलं. तैवानहून येऊन सातशेवर एकर जमीन घेतलेल्या एका शेतकऱ्याच्या रानात सरकारी अधिकारी उतरले. टिप्टन कांगारू उंदीर मारल्याच्या आरोपावरून त्याचा ट्रॅक्टर जप्त झाला. इंग्रजी धड न येणारा तो माणूस चिनी भाज्या लावू पाहत होता. वर्षभरानं त्याच्यावरचे आरोप मागं घेतले गेले आणि संवर्धनासाठी पाच हजार डॉलर देण्यावर प्रकरण मिटलं. पण तोवर देशभरातल्या कायदाविरोधकांना हवा तो चेहरा मिळाला होता: उंदरासाठी शेतकऱ्याला नाडणारं सरकार.

आदल्या वर्षी आगीचं निमित्त झालं होतं. ऑक्टोबर १९९३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड परगण्यात वणवा पेटला, २९ घरं जळाली. स्टीफन्स कांगारू उंदराच्या संरक्षणामुळं घराभोवतीचं झुडूप नांगरू दिलं नाही म्हणून घरं गेली, असं दूरचित्रवाणीनं आणि राजकारण्यांनी गाजवलं. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी खात्यानं पुढच्या वर्षी चौकशी केली. सोसाट्याच्या वाऱ्यावर स्वार झालेल्या त्या आगीत नांगरलेल्या पट्ट्यांमागची घरंही जळाली होती आणि न नांगरलेल्यांतली काही वाचली होती. उंदराच्या नियमाचा आणि घरं जळण्याचा संबंध त्या खात्याला सापडला नाही. अहवाल कोणी वाचला नाही, कहाणी मात्र आजही फिरते.

आगीच्या आरोपात उंदराची बाजू खरी होती. ट्रॅक्टरच्या प्रकरणात मात्र शेतकऱ्याच्या रागात तथ्य होतं, आणि निसर्गप्रेमींनी ते मान्य करायला कचरू नये. सोलापूरकरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. १९७९ साली माळढोकासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आखलं गेलं. त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं आली, जमिनीचे व्यवहार अडकले, आणि जिरायत माळ राखलेल्या शेतकऱ्याला पक्षी म्हणजे साडेसाती वाटू लागली. २०१२च्या सुमारास ते क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरपर्यंत खाली आलं. दरम्यान उजनीच्या पाण्यावर उसाचा जिल्हा उभा राहिला. माळाला कोणी मोडलं आणि पक्ष्याचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न तिथंही कधी एकत्र विचारला गेला नाही.

रिव्हरसाइडमध्ये पुढं जरा शहाणपणा आला. प्रत्येक बिळाशी भांडण्याऐवजी परगण्यानं बांधकामांवर एकरी ५०० डॉलर शुल्क लावलं आणि त्या पैशातून सलग राखीव क्षेत्रं उभी केली. २०२२ साली स्टीफन्स कांगारू उंदराचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी सौम्य झाला. यश मोठं नसलं तरी दिशा बरोबर आहे: जो वाढीतून नफा कमावतो त्याच्याकडून घ्यायचं आणि तुकडे न घेता सलग जमीन घ्यायची.

सलग जमिनीचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे कॅरिझो मैदान. सॅन अँड्रियास भ्रंश जिथून डोळ्यांनी दिसतो, मधोमध सोडा लेक नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं आहे, असा हा दोन लाखांहून अधिक एकरांचा पट्टा २००१ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाला. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संवर्धन संस्थेनं १९८८ साली तिथली ८२ हजार एकर जमीन विकत घेतल्यामुळं हे शक्य झालं. जागा मिळाली, मग प्रश्न आला, सांभाळायची कशी? सहज सुचणारं उत्तर होतं, गुरं हाकला आणि निसर्गाला त्याच्यावर सोडा. ते चुकीचं निघालं. डेव्हिड जर्मानो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलं की हे खोरं मुळात गवताळ माळ नव्हेच, वाळवंट आहे. भूमध्यसागरी प्रदेशातून आलेल्या परक्या गवतांनी ते झाकून टाकल्यामुळं सगळ्यांची दिशाभूल झाली. चांगल्या पावसाच्या वर्षी हे गवत इतकं दाट माजतं की टुणटुण उड्या मारणाऱ्या उंदराला आणि पळणाऱ्या सरड्याला वाटच उरत नाही. खोऱ्यातल्या लोकर्न भागात दहाएक वर्षं चाललेल्या प्रयोगात गुरं चारलेल्या चौकांत कांगारू उंदीर आणि लेपर्ड लिझर्ड जास्त भरले. ज्या गुरांच्या नावानं उंदराला विष घातलं होतं, तीच आता ओल्या वर्षी त्याच्या उपयोगाची ठरतात. संवर्धनाच्या पुस्तकी नियमांना हा प्राणी असा सतत उलटा पडतो.

मग २०१२ ते २०१६ चा दुष्काळ आला. त्या भागातला कित्येक शतकांतला सर्वांत कडक दुष्काळ. लॉरा प्रू आणि सहकारी कॅरिझोमध्ये आधीपासूनच मोजण्या करत होते, म्हणून त्यांच्याकडं आधीचे आणि नंतरचे आकडे होते. त्यांनी ४२३ जातींचा हिशेब मांडला: पाव हिस्सा जाती घटल्या, चार टक्के वाढल्या. थोरले कांगारू उंदीर तर अकरापटीनं घटले. पाणी न पिणाऱ्याला दुष्काळानं कसं गाठलं? तहानेनं नाही, दोन-तीन वर्षं बी पिकलंच नाही तेव्हा तळघरं रिकामी झाली. पाऊस परतल्यावर संख्याही परतली. असा प्राणी विस्तीर्ण जागेवरच टिकतो, कारण एका टोकाला ओंबी भरली नाही तरी दुसरीकडं भरते. पाचशे एकरांच्या सुट्या तुकड्यात अकरापट घट म्हणजे शून्य.

याच सुमारास उन्हाचे गिऱ्हाईक आले. कॅरिझोच्या उत्तरेला २०१३-१४ मध्ये दोन प्रचंड सौरप्रकल्प उभे राहिले, एक २५० मेगावॅटचा आणि टोपाझ नावाचा ५५० मेगावॅटचा. जमीन सपाट, ऊन भरपूर, वस्ती नाही: उंदराला हवं तेच पॅनेलला हवं. पर्यावरणवाद्यांमध्येच फूट पडली. हवामानबदलावर उपाय हवा, तर वाळवंटावर पॅनेल हवेतच. वाटाघाटी होऊन बदल्यात सुमारे ३० हजार एकर कायमचे राखले गेले, कोल्ह्यांना आत-बाहेर करता यावं म्हणून कुंपणाच्या तळाशी फट ठेवली गेली. आणि टोपाझमध्ये किट फॉक्स चांगल्या रीतीनं वावरताना आढळले. उत्तरेच्या पॅनोशे खोऱ्यात वाद जास्त चिघळला. तिथं २०१७ च्या तडजोडीनं प्रकल्पच १३० मेगावॅटवर आणला गेला.

प्रकल्पाच्या जागेवरचे उंदीर पिंजऱ्यात धरून दुसरीकडं सोडायचे, असा एक सोपा वाटणारा मार्ग असतो. सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयाच्या डेब्रा शियर यांनी स्टीफन्स कांगारू उंदरांवर याची पारख केली. एकेकटे हलवलेले उंदीर लवकर मेले. ओळखीच्या शेजाऱ्यांसह, तीच शेजारव्यवस्था राखून हलवलेले लवकर बिळं करून स्थिरावले आणि त्यांना पिल्लंही जास्त झाली. आयुष्यभर एकटा राहणारा, शेजाऱ्याला पाय आपटून हाकलणारा प्राणी. पण त्यालाही हाकलायला शेजारी ओळखीचाच लागतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कागद हाताळलेल्या कोणालाही हा निष्कर्ष परका वाटणार नाही.

या सगळ्यात ज्या पाण्यानं सुरुवात झाली त्याचं काय झालं? त्याचा हिशेब उलटू लागला आहे. पश्चिम काठाच्या मातीत सेलेनियम आहे. ओलित केल्यावर निचऱ्याच्या पाण्यातून ते केस्टरसन तलावात साचलं आणि १९८३ साली तिथं पक्ष्यांची विद्रूप पिल्लं जन्मू लागली. त्यानंतर काही शेतजमिनी ओलितातून काढाव्या लागल्या. ॲटवेल आयलंड इथं अशा सुमारे आठ हजार एकरांवर पुन्हा झुडूपरान वसवायचं काम चाललं, टिप्टन कांगारू उंदीरही डोळ्यांसमोर ठेवून. मग भूजलाची पाळी आली. उपशानं खोऱ्याची जमीन कित्येक ठिकाणी मीटरच्या हिशेबात खचली. २०१४ चा भूजल कायदा सांगतो की २०४० च्या आसपास उपसा आणि पुनर्भरण यांचा मेळ घाला. कॅलिफोर्नियातल्या धोरण-अभ्यासकांच्या अंदाजानुसार त्यासाठी किमान पाच लाख एकर शेती पडीक ठेवावी लागेल.

उंदराच्या गमावलेल्या मुलखाचा जवळजवळ तिसरा हिस्सा म्हणजे पाच लाख एकर. आणि ओलित थांबलं की हे प्राणी परत येऊ शकतात याचा पुरावा सीमेपलीकडं आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या सॅन किंतीन भागात टोमॅटो-स्ट्रॉबेरीच्या शेतीनं तिथला कांगारू उंदीर संपवला असं मानलं जात होतं. १९८६ नंतर तो कोणाला दिसलाच नव्हता. २०१७ मध्ये सॅन दिएगोच्या निसर्ग-संग्रहालयाच्या चमूला तो पिंजऱ्यात सापडला. शेती उघड्या रानातून हरितगृहांकडं सरकली होती आणि मागं पडलेल्या जमिनीवर तो गुपचूप परतला होता.

पण पडीक पडणं म्हणजे आपोआप वाळवंट होणं नव्हे. सॅन वाकीनमध्ये कुठली जमीन सुटेल हे आत्ता ज्याच्या त्याच्या विहिरीची खोली आणि बँकेचं कर्ज ठरवत आहे. त्यातून बुद्धिबळाच्या पटासारखे विखुरलेले चौकोन उरतील, परक्या गवतानं आणि धुळीनं भरलेले, मधूनमधून पॅनेलच्या रांगा. कॅरिझोचा दुष्काळ दाखवून गेला की अशा चौकोनात हा उंदीर टिकणार नाही. राज्यानं सुटणारी जमीन सलग पट्ट्यांत जोडायची, लोकर्नपासून कॅरिझोपर्यंत, पॅनोशेपर्यंत, आणि पॅनेल त्या पट्ट्यांबाहेर, सेलेनियमनं मारलेल्या शेतांवर उभे करायचे, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तशा योजनांना सरकारी अनुदानही सुरू झालं आहे. अवघड आहे ती किंमत ठरवणं. १९६२ नंतर पाणी आणताना सरकारनं दर सवलतीचा ठेवला आणि तोटा देशभर वाटून घेतला. आता पाणी काढून घेताना जो छोटा शेतकरी आपला चाळीस एकरांचा तुकडा सोडेल त्याला योग्य मोबदला मिळाला नाही, आणि मोठ्या कंपन्यांनी खोल विहिरी मारून उपसा चालूच ठेवला, तर १९९४ चा ट्रॅक्टर पुन्हा कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर दिसेल. त्यापेक्षा सवलतीच्या पाण्यावर पन्नास-साठ वर्षं कमावलेल्यांकडून रिव्हरसाइडसारखं एकरी शुल्क घेणं कितीतरी न्याय्य ठरेल. त्यांच्या संघटना अर्थातच विरोध करतील, आणि त्यांचे वकील उंदरांच्या वकिलांपेक्षा संख्येनं कितीतरी जास्त आहेत.